बैठकीचा तास कुणाच्या बिलात?

गेल्या महिन्यात राणीसावरगावच्या बसथांब्यावर एका निवृत्त प्राचार्यांनी मला चारचौघांत सुनावलं. माझ्या सासऱ्यांचे ते जुने स्नेही. मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवते हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, “सूनबाई, तुम्हा सीएचबीवाल्यांचं मला एक कळत नाही. महिन्यातून एखादी बैठक असते, तासाभराचा प्रश्न. त्यालाही तुमची तोंडं वाकडी. आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत संस्थेत बसलोय, कधी घड्याळाकडं बघितलं नाही. संस्था आपली वाटली पाहिजे!” थांब्यावरच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बस आली. आणि बस आली नसती तरी वडीलधाऱ्या माणसाला भर चौकात उलट बोलायची आमच्याकडं रीत नाही. पण उत्तर पोटात राहिलं, ते काही पचेना. म्हणून इथं लिहिते.

घड्याळापासूनच सुरू करू. सर, घड्याळ आम्ही आणलेलं नाही. आमच्या नेमणुकीच्या पत्रावरच ते टांगलेलं आहे: ‘घड्याळी तासिका तत्त्वावर’. तुम्ही घड्याळाकडं बघितलं नाही, कारण तुमचा पगार घड्याळाच्या काट्यावर चालत नव्हता. महिना भरला की तो यायचा. सुटी असो, संप असो, विद्यार्थी वर्गात असोत नसोत. माझ्या वर्गाला पोळ्याची सुटी लागली की माझी तासिका गेली. विद्यापीठाची परीक्षा सुरू झाली की पंधरा दिवस गेले. युवक महोत्सवाला पोरं गेली, तेवढे तास गेले. ज्या संस्थेनं माझा प्रत्येक तास मोजून घेतला, तिनं बैठकीपुरतं ‘मोजू नका’ म्हणावं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

हिशेब कागदावरचाच मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार दिलेला आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाला ३० आठवडे, आणि रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असणं. या ४० तासांत सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष शिकवणं किती? १६ तास. मग उरलेले २४ तास कशाचे? वाचन, संशोधन, परीक्षा, विद्यार्थ्यांच्या अडचणी, समित्या आणि बैठका यांचे. म्हणजे कायम प्राध्यापक बैठकीत बसतो तेव्हा तो पगारी वेळेत बसलेला असतो. चुकीचं काहीच नाही, ते त्याचं कामच आहे. आता आमचं बघा. आम्हाला आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका. बिल होतं ते त्या नऊंचंच. बैठकीसाठी त्यात अर्धं मिनिट धरलेलं नाही. ‘सगळ्यांना नियम सारखा’ असं सर म्हणतील. एकाच्या २४ तासांतला एक घेतला आणि दुसऱ्याच्या शून्यातून एक घेतला, तर नियम सारखा झाला का?

दराचंही सांगून टाकते. आयोगानं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा आकडा काढला. तो आमच्यापर्यंत आला नाही. राज्याचा दर त्याहून खालीच राहिला. पण आजचा वाद दराचा नाही. कमी दरानं का होईना, जो तास मागता तो तास लिहा, एवढंच माझं म्हणणं आहे.

‘तासाभराचा प्रश्न’ म्हणजे नेमका किती तासांचा, तेही एकदा जवळून बघून घ्या. कॉलेजचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. गोष्ट कुठलीही एक धरा. शनिवार. माझ्या दोन तासिका, साडेनऊ ते साडेअकरा. दुसरी तासिका रंगात आलेली असताना शिपाईमामा सूचनावही घेऊन दारात उभे. वहीत लिहिलेलं: ‘सर्व प्राध्यापकांनी (तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांसह) आज दुपारी ठीक ३ वाजता बैठकीस उपस्थित राहावे. अनुपस्थितीची नोंद घेतली जाईल.’ सही केली. कंसातल्या त्या शब्दांकडं लक्ष द्या. पगाराच्या यादीत, रजेच्या यादीत, दिवाळीच्या अग्रिमाच्या यादीत आम्ही कुठंच नसतो. सूचनावहीच्या कंसात मात्र न चुकता असतो.

साडेअकरा ते तीन काय करायचं? गावी जाऊन परत येणं जमत नाही. ग्रंथालयात बसले, डबा खाल्ला, दोन वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून काढली. ठीक ३ ची बैठक ३ वाजून ४० मिनिटांनी सुरू झाली. विषय पहिला: मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे. (मागच्या बैठकीतला पहिला विषयही त्याच्या मागचं इतिवृत्त कायम करण्याचा होता. या देशात दुसरं काही कायम होवो न होवो, इतिवृत्त कायम होतं.) विषय दुसरा: नॅक मूल्यांकनाच्या फायली. तिसरा: सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते. चौथा: स्थाननिश्चितीचे, म्हणजे कायम प्राध्यापकांच्या बढतीचे प्रस्ताव. तिसऱ्या-चौथ्या विषयाला पाऊण तास गेला, कारण तिथं सगळ्यांना बोलायचं होतं. आम्ही सहा जण मागच्या बाकावर दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसे बसलो होतो. पाचवा विषय स्वच्छता पंधरवड्याचा. त्यात आमची नावं पहिल्यांदा घेतली गेली, झाडू वाटपाच्या वेळी.

शेवटी नेहमीचं ते ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आमच्यातल्या एकानं हात वर केला. नेट झालेला, पीएचडी झालेला माणूस. म्हणाला, “सर, आमच्या तासिका वेळापत्रकात सलग लावता येतील का? सकाळी एक आणि दुपारी एक असल्यामुळं दिवस जातो.” उत्तर आलं, “हा विषय पत्रिकेवर नाही.” तो म्हणाला, “म्हणूनच ऐनवेळी मांडतोय.” त्यावर, “ऐनवेळच्या विषयाला अध्यक्षांची परवानगी लागते.” झालं. सव्वापाचला बाहेर पडलो, बस गेलेली होती. काळी-पिवळीत चौथ्या सीटवर सातवी होऊन मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हणजे तासाभराचा प्रश्न साडेअकराला लागला आणि सातला सुटला. आणि वहीत म्हटल्याप्रमाणं अनुपस्थितीची नोंद होते, उपस्थितीची मात्र कुठल्याही बिलात होत नाही.

आता गावातलीच गोष्ट सांगते, कारण या बाबतीत आमचं शिवार कॉलेजपेक्षा शहाणं आहे. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. उचल ठरते, धान्य ठरतं, कपडे ठरतात. त्याला मालक रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला उठवतो. उठवणं गोड नाही, पण तो वर्षाला बांधलेला आहे हे दोघांनाही माहीत असतं. रोजानं खुरपायला आलेल्या बाईचं तसं नाही. दिवस कलला की ती खुरपं धुऊन निघते. ‘संध्याकाळी वाड्यावर ये, उद्या कुठल्या पाटाला लागायचं त्यावर चर्चा करू’ असं तिला कुणी म्हणत नाही. म्हटलं तर ती हसेल आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बांधावर जाईल. कापूस वेचणी तर किलोवर. वेचणारीला बांधावर बसवून कुणी तासभर भाषण दिलं, तर ती पहिल्यांदा विचारेल, “याचं वजन किती धरायचं?” सालानं, रोजानं, गुत्त्यानं: तीन तऱ्हेचे व्यवहार, तीन तऱ्हेचे हक्क. निरक्षर म्हातारीलाही त्यातला फरक कळतो. आमच्या संस्थांना पगार गुत्त्याचा द्यायचा असतो आणि माणूस सालगड्यासारखा वागवायचा असतो. सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे, आपुलकीबिपुलकीत नाही.

‘शिक्षकाची खुरपणाऱ्या बाईशी तुलना करता?’ असं सर म्हणतील. करते. तिच्याशी तुलना झाल्यानं मी लहान होत नाही, आणि ‘गुरू’ म्हटल्यानं माझं बिल मोठं होत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात हेच बजावलं आहे. समारंभात गुरुब्रह्मा म्हणत राहणं पुरेसं नाही, देश शिक्षकांना कसं वागवतो त्यात ते दिसलं पाहिजे, अशा अर्थाचं ते म्हणणं. ते प्रकरण वेतनाचं होतं, बैठकीचं नव्हतं. पण आमच्याकडं बैठकीची सुरुवात नेमकी त्याच श्लोकानं होते, म्हणून आठवण झाली.

या वादातला सगळ्यात मोठा पुरावा मला आमच्याच स्वयंपाकघरात मिळाला. माझी थोरली जाऊ आशा स्वयंसेविका आहे. मी तिला आक्का म्हणते. महिनाअखेरीला जेवणं झाली की आम्ही दोघी सतरंजीवर कागद पसरून बसतो. माझ्या पुढ्यात तासिकांचं बिल: दिनांक, वर्ग, शिकवलेला घटक, वेळ, तासिकांची संख्या. तिच्या पुढ्यात तिच्या मोबदल्याचा तक्ता: गरोदर बाईची नोंद, लसीकरणाची यादी, जन्म-मृत्यू, पाणी-स्वच्छता समितीची सभा. एका ओळीवर माझं बोट थांबलं. ‘आरोग्य केंद्रातील मासिक बैठकीस उपस्थिती: १५० रुपये.’

मी दोनदा वाचलं. आशा योजना २००५ मधली. सरकार आशाला कर्मचारीसुद्धा म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. साधारण हजार लोकवस्तीमागं एक. तिची रोजची उपजीविका बिघडू नये अशा बेतानं तिला काम द्यायचं, हे योजनेच्या कागदांतच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आक्काला विचारा, ती तुम्हाला चहा न देता तासभर सांगेल. पण २०१८ मध्ये केंद्रानं आशांच्या नियमित कामांचा मोबदला महिना १००० वरून २००० केला, त्या कामांच्या यादीत मासिक बैठकीची ही ओळ आहे. म्हणजे ज्या बाईला सरकारनं नोकरदार मानायचं नाकारलं, तिच्याही बाबतीत त्यानं एक गोष्ट कबूल केली: बैठकीला येणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे असतात.

१५० रुपये म्हणजे काही फार झाले नाहीत. रोजगार हमीवर २०२५-२६ साठी महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे बैठकीचा दर अर्ध्या रोजाएवढाही नाही, आणि तांड्यावरून येणाऱ्या आशाचा दिवस मात्र पूर्ण जातो. शिवाय, आक्का म्हणते, “ही महिन्याची एक झाली. मधेच फोन करून बोलावतात त्या धरल्यात का कुठं?” धरलेल्या नाहीत. पण रक्कम तोकडी असणं वेगळं आणि ओळच नसणं वेगळं. ओळ असली की वाढवून मागता येते. दोन-तीन पदव्यांची माझी कागदपत्रं आणि तिचा तक्ता शेजारी-शेजारी पडले होते. तक्ता पुढारलेला होता.

कुणी म्हणेल, मानधनावरच्या आणि अंशकालीन माणसांना हक्कांची भाषा लागू नाही. हाही युक्तिवाद जुना झाला. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मणिबेन मगनभाई भारिया यांचं. त्यातही काम अर्धवेळ असल्याचा मुद्दा होताच. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी सेविकांकडून घेतल्या जाणाऱ्या कामांची यादी बघितली आणि हे काम अर्धवेळ आहे असं मानता येत नाही, या निष्कर्षाला आले. ‘मानधन’ असं नाव दिलं म्हणून ते वेतन नाही असं होत नाही, हेही त्यात आलं. कॉलेजांनी हा निकाल जरा सांभाळून वाचावा. नियुक्तीपत्रावर काय लिहिलंय यापेक्षा माणसाकडून काय करून घेता हे न्यायालय बघतं. तासिकेवाल्याला प्रत्येक बैठकीला, प्रत्येक समितीला, प्रत्येक पंधरवड्याला बोलावत राहिलात, तर उद्या तोच उभा राहून म्हणेल की मी पूर्णवेळ आहे. आणि पुराव्याला तुमचीच सूचनावही दाखवेल.

आता सरांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला मान्य करावी लागते, आणि ती मी चोरून ठेवणार नाही. काही बैठका खरोखर लागतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. श्रेयांकांची रचना बदलली, अंतर्गत गुणांचा बाज बदलला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत आम्ही सगळेच तेव्हा चाचपडत होतो. त्या वेळच्या एका बैठकीला मी गेले नाही. रागानं गेले नाही, खोटं कशाला सांगू. मग माझ्या वर्गाच्या अंतर्गत गुणांचे तक्ते जुन्या नमुन्यात भरले गेले आणि ते दुरुस्त करायला पोरांना दोन चकरा पडल्या. एक मुलगी वाडीवरून चालत येते, तिला त्या दोन चकरा माझ्यामुळं पडल्या. तेव्हा ‘बैठकीची कटकट नको’ हे माझं मागणं नाही. उलट, जिथं माझ्या विषयाचं, माझ्या वर्गाचं ठरतं, तिथं मला खुर्ची हवी, बोलायला तोंड हवं, आणि त्या तासाची बिलात ओळ हवी. फरकाच्या हप्त्यांवर चर्चा चालू असताना मला बसवून ठेवायचं काय कारण? कामाचे विषय आधी घ्या, आम्हाला सोडा, मग खुशाल रात्री नऊपर्यंत बसा. बैठक माझ्या तासिकेला लागून ठेवा. जे नुसतं कळवायचं आहे ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाका. नाहीतरी ‘गुड मॉर्निंग’ त्याच गटावर रोज येतंच.

यावर संस्थांचं ठरलेलं उत्तर असतं: शासनाच्या बिलाच्या नमुन्यात बैठकीला रकानाच नाही, आम्ही काय करणार? ठीक. रकाना नसेल तर बोलावणंही नको. शासनाकडून पैसे येत नाहीत म्हणून तुम्ही हात वर करता, आणि तोच हात आमच्या वेळेवर ठेवता. रकाना हवा असेल तर संस्थांनी, प्राचार्यांनी, कायम प्राध्यापकांच्या संघटनांनी तो मागावा. आमची सही त्या अर्जावर मिळेल, आणि तीही फुकट देऊ.

मग येतो शेवटचा बचाव: “अहो, सक्ती कुठं आहे? ऐच्छिक आहे.” या शब्दानं माझं डोकं सर्वांत जास्त उठतं. दर जूनला आमची पाटी कोरी होते. पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. मुलाखतीच्या टेबलापलीकडं बसलेले डोळे वर्षभर बैठकीत माझी खुर्ची बघत आलेले असतात. अशा माणसाला ‘ऐच्छिक’ म्हणणं म्हणजे विहिरीत दोर सोडून ‘धरायचा तर धर’ म्हणण्यासारखं. अमेरिकेत १९३८ चा एक मजुरी-तासांचा कायदा आहे. त्याखालच्या नियमांत बैठकीचा वेळ कामात धरायचा नसेल तर चार अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: बैठक कामाच्या वेळेबाहेर हवी, येणं ऐच्छिक हवं, विषय त्याच्या कामाशी थेट निगडित नको, आणि तिथं काही काम करून घेतलेलं नको. आणि पुढं ‘ऐच्छिक’चाही खुलासा आहे. न आल्यास नोकरीवर परिणाम होईल अशी समजूत करून दिली असेल, तर ते येणं ऐच्छिक नव्हेच. गंमत अशी की खुद्द शिक्षकांना तिथंही या कायद्याच्या किमान मजुरी आणि जादा कामाच्या तरतुदींतून वगळलेलं आहे. म्हणजे शिक्षकाला फुकट बसवण्याची हौस काही एकट्या मराठवाड्याची नाही. पण दुकानात, कारखान्यात राबणाऱ्या माणसासाठी त्यांनी जे लिहून ठेवलं, त्यातलं ‘अनुपस्थितीची नोंद घेतली जाईल’ या एका ओळीला काय काय लागू होतं, ते सरांनीच बघावं.

बस सुटता सुटता सर आणखी एक बोलले होते: “गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाईच्या तालुक्यातले आपण. तिनं कधी कामाचे तास मोजले?” नाही मोजले. नामदेवांच्या घरी ती दळत राहिली, कांडत राहिली, शेण्या वेचत राहिली. पण सर, त्या कथेचा पुढचा भाग तुम्ही का गाळला? तिच्या जात्याला हात लावायला खुद्द विठ्ठल यायचा. तुमच्या बैठकांना मी इतकी वर्षं येते, दळण तेवढं माझ्याच ओटीत पडतं. जात्याच्या दुसऱ्या बाजूला कुणी बसलेलं मला अजून दिसलेलं नाही.

परवा पुन्हा सूचनावही आली. मी सही केली आणि सहीच्या खाली कंसात लिहिलं: ‘तासिका १’. अर्ध्या तासानं कार्यालयातून निरोप. गेले. लिपिकभाऊंनी वही माझ्याकडं फिरवली.

“मॅडम, हे काय लिहिलंय?”

“बैठकीची तासिका. बिलात धरा.”

“त्याला रकाना नाही ओ.”

“मग वहीत तरी राहू द्या.”

त्यांनी खोडरबराकडं बघितलं. शाई होती. वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली आणि म्हणाले, “चहा घेता का?”